गाणी तीच, दुकानं बदलत गेली

‘धिंगाणा’ नावाची एक संगीतसेवा होती, हे आज किती जणांना आठवतं? पुण्याच्या स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या जुळ्या भावांनी ती २००७ साली सुरू केली. नाव अस्सल मराठी, ऐकायला पैसे नाहीत. २०१४च्या सुरुवातीला टी-सीरिज या संगीत कंपनीने गाण्यांचा करार पुढे वाढवला नाही आणि धिंगाणा शांत झाला. अमेरिकेतल्या आर्डिओ या संगीतसेवेने तो विकत घेतला. पुढच्या वर्षी आर्डिओनेच दिवाळखोरी जाहीर केली.

पुढची दहा वर्षं जी भांडणं झाली, त्यांचं बीज इथेच आहे. ॲप कुणाचंही असो, गाणी कंपन्यांच्या कपाटात असतात. आणि खरं तर, गाणं स्वस्तात ऐकायची सवय आपल्याला याच कंपन्यांनी लावली. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने जुनी लोकप्रिय गाणी दुसऱ्या आवाजांत गाऊन घेतली, कायद्यातल्या पळवाटेच्या आधाराने स्वस्त कॅसेट काढल्या आणि एचएमव्ही या जुन्या रेकॉर्ड कंपनीचा दबदबा मोडला. तेव्हा पळवाट शोधणारे आज हक्कांवर सर्वात कडक पहारा देतात.

गाना हे ॲप २०१०मध्ये आलं, सावन हे दुसरं ॲप त्याच्या आसपास बाळसं धरत होतं. फ्लिपकार्टने २०१२मध्ये ‘फ्लाइट’ या ऑनलाइन दुकानात गाणी विकून पाहिली, पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. फुकट मिळतं ते विकत कोण घेणार? मग खेळात मोबाइल कंपन्या उतरल्या. एअरटेलने २०१४मध्ये विंक हे गाण्यांचं ॲप काढलं. २०१६च्या फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, आणि त्याच सप्टेंबरात जिओने डेटा फुकट वाटायला सुरुवात केली. केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकून बघायची, मगच पैसे मोजायचे, हा रिवाज त्या दुकानाबरोबर गेला. २०१८मध्ये जिओने सावनही आपल्यात विलीन करून घेतलं.

सगळ्यांकडे जवळपास तीच गाणी असताना स्पर्धा कशात करायची? किमतीत. ॲपल म्युझिक २०१५ला महिना १२० रुपयांवर आलं, २०१९मध्ये ९९वर उतरलं. स्पॉटिफाय त्याच फेब्रुवारीत ११९ रुपये घेऊन आलं, पण जाहिराती ऐकायची तयारी असेल तर फुकट. मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक आलं, तेही ९९ रुपयांत.

खरी लढाई मात्र मुंबई उच्च न्यायालयात चालली. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘३१ डी’ कलम घातलं गेलं. ठरावीक मोबदला भरून प्रसारणकर्त्याला मालकाच्या परवानगीशिवाय गाणी वाजवता येतील, असा त्याचा आशय. विंकने त्याचा आधार घेतला, टिप्स या संगीत कंपनीने दावा ठोकला. २३ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती काथावाला यांनी निकाल दिला: हे कलम रेडिओ-टीव्हीसाठी आहे, इंटरनेटवरच्या सेवांसाठी नाही. २०२२मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे मालकाच्या दारात जाऊन, तो सांगेल त्या दराने बोलणी करणं आलं. मार्च २०२३मध्ये झी म्युझिक या कंपनीशी बोलणी फिसकटली तेव्हा स्पॉटिफायवरून त्यांची गाणी उतरली होती. लोकलमध्ये ऐकायला जमवलेल्या याद्यांना भोकं पडली.

त्यानंतर गळती लागली. गानाने २०२२मध्येच फुकटचं दार बंद केलं होतं. टिकटॉकवाल्यांचं रेसो हे गाण्यांचं ॲप जानेवारी २०२४ला आवरलं. ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक बंद करत असल्याचं सांगितलं आणि ग्राहकांना ॲपल म्युझिककडे वळवलं. ज्या टिप्सशी विंक कोर्टात भांडलं, त्या टिप्सची गाणी तिथेही आहेतच.