गळाची मासेमारी (मराठवाडा)

काठी, दोरा, गळ आणि आमिष एवढ्याच साधनांनी एका वेळी एक मासा धरण्याची पद्धत. मराठवाड्यात ती गोदावरीच्या आणि पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा, तेरणा या नद्यांच्या डोहांत चालते. तशीच नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी या जलाशयांच्या काठीही. मासेमारीवर पोट असलेले भोई आणि कोळी मुख्यतः जाळे वापरतात. गळ हा गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, शेतकऱ्यांचा, गुराख्यांचा, शाळा सुटल्यावर नदी गाठणाऱ्या पोरांचा.

या कलेचा मराठवाड्याशी संबंध बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळाने मासे धरणे हा तिथे राजाचा एक विनोद, म्हणजे करमणूक, म्हणून सांगितला आहे. माशांचे प्रकार, त्यांना जवळ आणण्यासाठी घालायचे खाद्य, काठी, दोरी आणि गळ यांची चर्चा त्यात येते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेपलीकडे लगेच. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता. आजही जाणकार माणूस गळ टाकण्याआधी पेंडीचा चुरा किंवा कणकेच्या गोळ्या टाकून जागा ‘लावतो’, तेव्हा तो मत्स्यविनोदातलीच रीत पाळत असतो.

गळाच्या मासेमारीचा जगभर गाजलेला प्रकार म्हणजे पिसे आणि धागा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट धरणे. त्यात आमिषाला वजन जवळजवळ नसते; वजन दोऱ्यात असते आणि काठीच्या पुढेमागे झोक्याने तो दोराच दूर फेकला जातो. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून वाढवला. मराठवाड्यात तो जगणे शक्य नाही. ट्राउटला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची ओढाताण सुरू होते. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मे महिन्यात 42 अंशांची हवा सोसणाऱ्या गोदावरीत टिकायला वेगळ्या जातीचा मासा लागतो. माशीमागची युक्ती मात्र इथल्या नद्यांनाही ओळखीची आहे. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे थव्याने उडतात आणि पाण्यावर पडतात. डोहाचा पृष्ठभाग तेव्हा उकळल्यासारखा दिसतो, कारण लहानमोठे मासे खालून येऊन किडे टिपत असतात. अशा वेळी गळाला गांडूळ लावणाऱ्यापेक्षा नाकतोडा लावून तो पाण्यावर तरंगता ठेवणारा जास्त मासे नेतो.

साधने साधी असतात. काठी वेळूची, शेंड्याकडे निमुळती आणि लवचिक. दोरा म्हणजे नायलॉनचा तंगूस. तो बाजारात येण्यापूर्वी पिळलेला सुती दोरा वापरत. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, त्यामुळे आत शिरलेला गळ सहज मागे येत नाही. वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा. पाण्यावर खूण म्हणून मोरपिसाचा देठ किंवा जोंधळ्याच्या ताटातले भेंड बांधतात. ज्या भेंडाच्या गाड्या करून लहान मुले खेळतात, तेच हे. आता प्लास्टिकचे रंगीत तरंगे आणि चकरीच्या काठ्या मिळतात, पण हलक्या भेंडाइतकी बारीक चाहूल स्वस्तातला प्लास्टिकचा तरंगा देत नाही.

खरे कसब भेंड वाचण्यात आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया, भेंडाला तुटक टिचक्या मारते. वाम हा सापासारखा लांब मासा; ती आमिष चाखत राहते, भेंड नुसते थरथरते, आणि घाईने झटका दिला तर गळ रिकामा येतो. रोहू किंवा मृगळ तळावरचे आमिष तोंडात घेऊन वर उचलतो, शिशाचा भार सुटतो आणि उभे भेंड आडवे पडते. खेकडा असेल तर भेंड हळूहळू एका बाजूला सरकते. मरळीचे तसे नाही. ती भेंड थेट खाली ओढून नेते.

मरळ हा इथल्या गळाचा मानाचा मासा. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याची सोय असते, त्यामुळे ती दर थोड्या वेळाने पाण्यावर येऊन हवा घेते. गवताच्या कडेला फुटलेला तो एकच मोठा बुडबुडा अनुभवी डोळ्याला पुरतो. तिला जिवंत बेडकी किंवा लहान मासोळी लागते. पावसाळ्यात मरळीची पिले लालसर झुबक्याने पाण्यावर फिरतात आणि नर-मादी खालून राखण करतात. झुबक्याजवळ आलेल्या कशावरही ती धावून जातात. म्हणून झुबक्यात गळ टाकून मोठी मरळ काढणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत वाईटही. राखणदार गेला की सगळी पिले इतर माशांच्या पोटात जातात. जुनी जाणती माणसे झुबका दिसला की पोरांना तिथून उठवतात. शेजारच्या तेलंगणाने याच माशाच्या एका जातीला राज्यमाशाचा मान दिला आहे.

कटला, रोहू आणि मृगळ हे जलाशयांत मुख्यतः बीज, म्हणजे लहान पिले, सोडून वाढवलेले मासे. ते साचलेल्या पाण्यात विणत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काने या जातींचे प्रजनन घडवले, आणि त्या तंत्रामुळे धरणांसाठी बीज मुबलक मिळू लागले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. भेंड गळापासून किती अंतरावर बांधायचे ते त्यावर ठरते. चिलापी 1952 साली भारतात आली. तिची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, म्हणून ती कुठल्याही डबक्यात पसरते. शिकाऊ पोरांचा पहिला मासा बहुधा हाच.

मृगाच्या पावसानंतर ओढ्यांतून वर धावणारे चढणीचे मासे गावोगाव पकडले जातात. तो अंडी घालण्याचा काळ असल्याने त्या दिवसांत गळ बाजूला ठेवलेला बरा. पाणी गढूळ असेपर्यंत गांडूळ आणि वाम यांचेच दिवस असतात. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते, तिथून थंडी पडेपर्यंतचा काळ उत्तम. थंडीत मासे मंदावतात. उन्हाळ्यात नदी तुटते आणि उरतात ते डोह. धरलेला मासा काळ्या मसाल्यात शिजतो आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला जातो.

सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी दोन्ही प्रकार पूर्ण थांबलेले नाहीत. त्याहून मोठे नुकसान वाळूउपशाने होते. नदीच्या वाळूत पावसाळ्याचे पाणी मुरून राहते आणि उन्हाळाभर पाझरून डोह जिवंत ठेवते. वाळू गेली की पाझर आटतो. वाम तर दिवसा याच मऊ तळात अंग पुरून बसते, तिचे घरच उचलले जाते. गंगाखेडच्या खालीवर गोदावरीकाठी वयस्क माणसांना डोह नावानिशी माहीत असतात. त्यांतले कितीतरी आता फक्त नावाने उरले आहेत.

2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाने धरण पुन्हा भरले. अशा कोरड्या सालानंतर रोहू-कटल्यासाठी बीज सोडण्याची वाट पाहावी लागते. मरळीचे तसे नसते. तिची लहान जात आटलेल्या डोहाच्या ओल्या चिखलात, हवेवर श्वास घेत, पाणी येईपर्यंत तग धरू शकते.