विरोधकाचा पेपर सोडवून दाखवा

पौष पौर्णिमेला वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा भरते. तिथं झाडाच्या बुंध्याला खिळ्यानं ठोकलेलं लिंबू आणि काळी बाहुली दिसली, की साताऱ्यातला अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता म्हणतो, ‘ही सगळी भीती.’ परडी घेऊन आलेली बाई म्हणते, ‘तुम्हाला काय कळणार आईचं!’ बाहेरच्याला खरंच कळत नाही का? थोडंफार तपासता येतं.

ब्रायन कॅप्लन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं २०११ मध्ये त्यासाठी एक युक्ती सुचवली. यंत्र माणसासारखी उत्तरं देऊन परीक्षकाला चकवू शकतं का, ही अ‍ॅलन ट्युरिंगची १९५० ची कसोटी त्यानं माणसांनाच लावली. आपल्याकडे लावायची तर कार्यकर्त्यानं स्वतः भक्त असल्यासारखी उत्तरं लिहून भक्ताचा पेपर सोडवायचा, भक्तानं कार्यकर्त्याचा. नावं झाकून पेपर तपासायचे ते त्या त्या गटातल्याच लोकांनी; बाहेरचा ओळखू आला नाही, तर तो पास. ‘मला शिक्षण नाही म्हणून मी देवीला जाते’ असं एखादं वाक्य लिहिलं, की कार्यकर्ता नापास!

२०१२ मध्ये जेसी ग्रॅहम, ब्रायन नोसेक आणि जोनाथन हाइट यांनी अमेरिकेत याच्या जवळपास जाणारं काम प्रसिद्ध केलं. नीतीविषयीच्या प्रश्नावलीला लोकांनी स्वतःची उत्तरं दिली, शिवाय ‘ठरावीक उदारमतवादी’ आणि ‘ठरावीक परंपरावादी’ काय म्हणेल तेही लिहिलं. फरकाची दिशा लोकांनी बरोबर ओळखली, पण फरक होता त्यापेक्षा कितीतरी फुगवला. गंमत म्हणजे स्वतःच्या गटाबद्दलही तेच केलं. सर्वांत कमी अचूक ठरले उदारमतवादी. आपल्याकडच्या पुरोगाम्यांनी (मीही त्यांतलाच) हा निकाल अमेरिकेचा म्हणून सोडून देऊ नये.

चूक बहुतेक वेळा कुठं होते, ते मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या १९३७ च्या अझांदे लोकांवरच्या अभ्यासात दिसतं. आफ्रिकेतले हे लोक दुपारी धान्याच्या कोठाराच्या सावलीला बसत. कधी कोठार कोसळून माणसं दगावत. खांब वाळवीनं पोखरले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. पण हीच माणसं खाली असताना, नेमक्या त्याच वेळी ते का पडलं? तिथं ते चेटकाचं नाव घेत. म्हणजे श्रद्धा कारणाच्या जागी बसलेली नव्हती, कारण संपतं तिथून पुढं ती सुरू होत होती. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवला चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. अरुंद वाट आणि अफाट गर्दी हे कारण कुणालाही समजतं. ‘आमचंच माणूस त्या घटकेला तिथं का?’ हा प्रश्न मात्र चौकशीच्या कक्षेत बसत नाही. ‘त्यांना कार्यकारणभाव कळत नाही’ असं म्हणणारा बाहेरचा माणूस भलत्याच प्रश्नाचं उत्तर तपासत असतो.

मग स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहावं? टाल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचा निष्कर्ष मांडला: नुसत्या कल्पनेनं अंदाज सुधारत नाही. सरळ विचारलं, तर सुधारतो. यात्रेत चार दुकानं फिरून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

विचारत राहिलं तर मजल किती जाते? हॅरी कॉलिन्स हे समाजशास्त्रज्ञ गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्यांच्या सहवासात तीसेक वर्षं राहिले. २००६ मध्ये त्या विषयाच्या प्रश्नांना त्यांनी आणि एका खऱ्या भौतिकशास्त्रज्ञानं दिलेली उत्तरं त्या क्षेत्रातल्या नऊ जणांना दाखवली. खरा भौतिकशास्त्रज्ञ कोण, हे सातांना ठरवता आलं नाही, दोघांना कॉलिन्सच खरे वाटले! अर्थात प्रयोग उभारायला सांगितला असता, तर ते अडलेच असते. तसंच कार्यकर्ता पेपरात पास होईल, पण म्हणून जोगवा मागताना त्याचं अंग शहारणार नाही. मला पास होणं पुरेसं वाटतं. वाद घालायला तेवढं लागतंच.

खरी पंचाईत परीक्षकांची आहे. मांढरदेवला पशुहत्येला बंदी आहे. ती योग्य म्हणणारेही काळूबाईचे भक्त आणि बकऱ्याशिवाय नवस फिटत नाही म्हणणारेही भक्तच. दोघांपुढं एकमेकांचे पेपर नाव झाकून ठेवले, तर ‘हा आपल्यातला नाही’ असा शेरा बऱ्याच जणांच्या नशिबी येईल.