मातीतल्या ओलीचं जागतिक नेटवर्क

जमिनीत सेन्सर पुरून मातीतली ओल मोजायची आणि जगभरातली अशी मोजमापं एकाच साच्यात आणून ठेवायची, हे काम इंटरनॅशनल सॉइल मॉइश्चर नेटवर्क करतं. 2009 ला सुरू झालं. नेटवर्क म्हटलं तरी शेतातले सेन्सर दुसऱ्यांचेच, म्हणजे त्या त्या देशातल्या संस्था आपापला डेटा फुकट देतात, हे लोक तो तपासतात, एकसारखा करतात आणि संशोधनासाठी फुकटच पुढं देतात.

आपल्याकडं ओल बघायची जुनी पद्धत आहेच. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात मूठभर माती घेऊन दाबायची, लाडू झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आली, तसाच गोळा राहिला तर अजून दोन दिवस पेरणीची कुरी बाहेर काढायची नाही. माप चोख आहे, पण त्या एका रानापुरतं, आणि ते आकड्यात लिहून कुणाला पाठवता येत नाही.

वरून उपग्रह बघतोय की, मग जमिनीत कशाला पुरायचं? तर युरोपचा स्मॉस 2009 च्या नोव्हेंबरात गेला, नासाचा स्मॅप 2015 च्या जानेवारीत, दोघंही मातीतून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरींवरून ओल ओळखतात, पण वरच्या साधारण 5 सेंटिमीटरचीच. स्मॅपचा एक आकडा 36 किलोमीटर बाजूच्या अख्ख्या चौकोनाचा. बेळगाव आणि खानापूर एकाच चौकोनात मावतील एवढा! तिकडं जांबोटी-कणकुंबीला तांबडी माती, जंगल आणि धो धो पाऊस, इकडं बेळगावच्या पूर्वेला काळं रान, आणि अथणीकडं तर जूनमध्ये पण आभाळाकडं बघत बसायची पाळी. उपग्रहाने दिलेला सरासरी आकडा खरा की खोटा हे जमिनीवर मोजल्याशिवाय कळत नाही, नेटवर्क उभं करायचं मुख्य कारण हेच होतं.

खरी डोकेदुखी सेन्सरची नाही, आकड्यांची आहे. ओली माती 125 ग्रॅम घेतली, 105 अंशाला दिवसभर भट्टीत वाळवली आणि 100 ग्रॅम राहिली तर वजनाने ओल 25 टक्के. पण घनफळाने काढायची तर मातीची घनता धरावी लागते, ती घन सेंटिमीटरला 1.2 ग्रॅम असेल तर तीच ओल 30 टक्के होते. माती तीच, पाणी तेच, एकाच्या वहीत 25 आणि दुसऱ्याच्या वहीत 30. त्यात कुणी 5 सेंटिमीटरवर मोजतं, कुणी 50 वर, कुणी तासाला, कुणी आठवड्याला, घड्याळं पण आपापल्या देशाची. नेटवर्क हे सगळं घनफळाच्या मापात, तासाच्या हिशोबात आणि एकाच जागतिक वेळेत आणतं.

याआधी अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात ग्लोबल सॉइल मॉइश्चर डेटा बँक होती, 2000 पर्यंत तिच्यात सोव्हिएत रशिया, चीन, मंगोलिया, भारत, अमेरिका वगैरे ठिकाणच्या 600 हून जास्त स्टेशनांची मोजमापं जमली होती. ती सामग्री नव्या नेटवर्कात आली, म्हणून इथली काही नोंद 1952 पासूनची सापडते. नवं काम व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात चालायचं, पैसा युरोपियन स्पेस एजन्सीचा. 2021 च्या सुमाराला देशोदेशीची 70 च्या वर छोटी नेटवर्कं आणि 2800 हून जास्त स्टेशनं झाली. प्रकल्पाचा पैसा कधीतरी संपतोच, त्यामुळं पुढं कायमची सोय म्हणून कारभार जर्मनीत कोब्लेंझला गेला.

आलेल्या प्रत्येक आकड्याला शेरा मारतात. ओल शून्याखाली किंवा 60 टक्क्यांच्या वर गेली तर चूक, माती गोठलेली असेल तर संशयास्पद, पाऊस नसताना ओल एकदम वाढली तरी संशयास्पद. आता हा शेवटचा नियम आमच्या उसाच्या पट्ट्यात लावून बघा. मार्चमध्ये बोअरचं पाणी सोडलं की ओल चढणारच, पावसाचा थेंब नाही, म्हणजे खरा आकडा संशयात सापडणार.

काळ्या रानाचं दुखणं आणखी वेगळं. सेन्सर मातीच्या विजेच्या गुणधर्मावरून ओल ओळखतो, त्या गुणधर्माचा आकडा पाण्याचा 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5, हवेचा 1. आमच्या ओळखीच्या एकाने निपाणीकडच्या रानात सेन्सर पुरला, उन्हाळ्यात जमीन भेगाळली, नेमकी भेग सेन्सरच्या कडेने गेली, त्याला मातीऐवजी हवा लागली आणि मोबाईलवर सरळ कोरडं ठाक दाखवायला लागलं, बाजूला वीतभर उकरलं तर हाताला गारवा लागत होता. पहिल्या वळवाला त्याच भेगेतून पाणी आत उतरलं आणि आकडा एकदम टोकाला.

यावर एक उपाय जमिनीत काही न पुरणारा आहे. आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळं मातीत न्यूट्रॉन तयार होतात, ते पाण्यातल्या हायड्रोजनला धडकून मंदावतात, म्हणून जमिनीच्या वर ठेवलेल्या डब्यात जितके कमी मोजले जातील तितकी ओल जास्त. एक डबा आजूबाजूच्या शेकडो मीटरची सरासरी देतो, भेगेची भानगड नाही. भारतात कॉस्मॉस-इंडिया नावाने असे काही डबे बसवलेत, त्यातला एक आपल्या शेजारी धारवाडला बसवला. फक्त उभ्या पिकातलं पाणी पण तो ओलीतच धरतो, त्यामुळं पीक वाढेल तसा हिशोब सुधारत राहावा लागतो.