लाईम: गावाच्या नावाचा आजार आणि डॉक्टर शोधायची जुनी भानगड

आई गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्याकडे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात होती तेव्हाची गोष्ट. लेकाला आंघोळीला पाठवताना त्याच्या डाव्या गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला, मला वाटलं माती असेल पण पुसली जाईना. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अगं गोचीड आहे ही, रॉकेल लाव, सुटेल." सांगलीला गोठ्यात तिने म्हशीच्या कानातून अशा ढिगाने काढल्यात. पण इथे रॉकेल, तेल, व्हॅसलीन काही लावायचं नसतं, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रात्री आई मावशीला फोनवर सांगत होती, "इथे लिंबाचा कसला तरी रोग असतो म्हणे."

लिंबाचा नाही, गावाचा: गोचीड चावून होणारा लाईम आजार. लाईम, ओल्ड लाईम आणि ईस्ट हॅडम ही कनेक्टिकट नदीच्या पूर्वेकडची लागून असलेली तीन गावं, हायवेवरून जाताना पाटी दिसते. तिथे पॉली मरे नावाच्या बाई राहायच्या, १९६० च्या दशकापासून त्या स्वतः आणि घरातले बाकीचे आलटून पालटून आजारी, कधी अंगावर चट्टे, कधी ताप, कधी गुडघा फुगलेला. डॉक्टरांकडे खेपा घालून घालून शेवटी 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' इथपर्यंत ऐकून झालं. बाईंनी मात्र सगळं लिहून ठेवलं, आणि १९७५ मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं, त्याच सुमाराला ज्युडिथ मेन्श नावाच्या दुसऱ्या आईनेही कळवलं, कारण एकाच गल्लीत इतक्या पोरांना संधिवात कसा होईल हा साधा प्रश्न. मला तरी वाटतं या आजाराची पुढची सगळी भांडणं इथूनच सुरू होतात, की तो आधी आयांना कळला आणि डॉक्टरांना नंतर पटला.

येल विद्यापीठातले अ‍ॅलन स्टीअर तपासाला लागले आणि १९७७ मध्ये त्यांचा पेपर आला. ५१ पेशंट, त्यात ३९ मुलं. चार ठराविक रस्त्यांवर तर दहातल्या एका पोराला हा त्रास, बाकी ठिकाणी लहान मुलांचा संधिवात एवढा कुठे असतो? आणि ५१ पैकी १३ जणांना सांधे दुखायच्या आधी साधारण महिनाभर एक लाल चट्टा आलेला, गोल गोल वाढत जाणारा.

गंमत म्हणजे हा चट्टा युरोपात जुना होता. स्वीडनमध्ये आर्विड अफ्झेलियस यांनी १९०९ मध्येच तो दाखवला होता आणि गोचीड चावण्याशी जोडलाही होता, पेनिसिलिनने तो बरा होतो हेही तिकडे माहीत होतं. अमेरिकेत १९७० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रुडॉल्फ स्क्रिमेंटी यांनी असा एक पेशंट पेनिसिलिन देऊन बराही केला होता. पण त्वचेचे डॉक्टर त्वचेचं वाचणार आणि सांध्यांचे सांध्यांचं, त्यामुळे लाईममध्ये सुरुवातीला व्हायरस असेल असंच धरून चालले. जंतू सापडला तो जवळजवळ अपघाताने, विली बर्गडॉर्फर मोंटानातल्या लॅबमध्ये दुसऱ्याच एका तापासाठी न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडच्या गोचिडी कापून बघत होते आणि त्यांच्या आतड्यात स्प्रिंगसारखे वळलेले जीवाणू दिसले. १९८२ मध्ये ते छापून आलं, मग जीवाणूला त्यांचंच नाव, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

मग हा जीवाणू नवीन आला का कुठून? नाही, आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शरीरातही बोरेलियाचा डीएनए मिळालाय, त्यामुळे लष्करी लॅबमधून सुटला वगैरे व्हॉट्सअ‍ॅपछाप गोष्टी सोडून द्या. बदललं ते रान. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली जंगलं शेतीसाठी तोडली होती, नंतर शेती मागे पडली, झाडी परत वाढली, हरणं परतली आणि त्याच झाडीत लोकांनी बंगले बांधले. नाव हरणाचं बदनाम आहे पण पिल्लू गोचिडीला जंतू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायाच्या उंदराकडून, हरीण फक्त मोठ्या गोचिडींना पोसतं.

आता डॉक्टर शोधायची भानगड. लेकाला तिसऱ्या दिवशी एका अर्जंट केअरला नेलं, त्यांनी रक्त घेतलं, निगेटिव्ह आलं, "काही नाही, घरी जा." आता रक्तात जी अँटीबॉडी शोधतात ती तयार व्हायलाच काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी काय दिसणार कपाळ! नवव्या दिवशी चट्टा आला. पुस्तकातल्यासारखा लालभडक नाही, आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट तपकिरी, आई म्हणाली गजकर्ण आहे. गोऱ्या कातडीचे फोटो बघून शिकलेल्या डॉक्टरच्याही नजरेतून असा चट्टा सुटतो. सुदैवाने त्याच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखला, टेस्ट न करताच १० दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं (दुधाबरोबर घ्यायचं नाही आणि उन्हात जपायचं), पोरगा खडखडीत बरा.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. औषध घेऊनही काहींचा थकवा, अंगदुखी महिनोनमहिने राहते, त्रास खरा असतो, पण जंतू अजून आत आहे का यावर डॉक्टरांचे सरळ दोन तट आहेत. २००१ मध्ये छापलेल्या चाचण्यांमध्ये अशा पेशंटना तीन महिने अँटिबायोटिक देऊन बघितलं, खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. तरी दुसरा तट म्हणतो अजून द्या. २००६ मध्ये संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लांबलचक अँटिबायोटिक नको अशी नियमावली काढली तर कनेक्टिकटच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) त्या संघटनेचीच चौकशी लावली, २०१० मध्ये फेरतपासणी होऊन नियमावली तशीच राहिली, आणि मधल्या मध्ये २००९ मध्ये राज्याने लांबलचक अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदाही करून टाकला. म्हणून इथे 'लाईम स्पेशालिस्ट' शोधायला गेलात की इन्शुरन्स न घेणारे, महिनोनमहिने सलाईन लावणारेही भेटतात. माझं मत विचाराल तर आधी आपला फॅमिली डॉक्टर, मग संसर्गरोगांचा डॉक्टर, आणि सांधा सुजला असेल तर संधिवाताचा. शिरेतल्या नळीतून इन्फेक्शन होऊन माणसं दगावलीत.

लस होती बरं का. डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर झाली, तिने सांधे धरतात अशी ओरड झाली, तपासात तसं काही सिद्ध झालं नाही, पण खप पडला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. शेजारच्या कुत्र्याला लाईमची लस मिळते, माझ्या पोराला नाही.

आई-बाबा इथे राहून परत जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट. भारतात लाईमच्या केसेस तुरळक नोंदल्या गेल्यात, तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात तो पटकन येणार नाही, तेव्हा महिन्याभरात ताप किंवा चट्टा आला तर 'अमेरिकेत झाडीत फिरत होतो' हे आपणच सांगायचं. कोकण-गोव्यात गोचिडीचा ताप म्हटलं की लोकांना माकडताप आठवतो, तोही गावाचंच नाव घेऊन आला, १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस संस्थेने तो शोधला, आणि २०१६ मध्ये दोडामार्गात त्याची साथ आली. पण तो व्हायरस आहे, त्याला डॉक्सीसायक्लिन चालत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, "कधी चावली?" मी बोटं मोजायला लागले तर आईने पर्समधून कालनिर्णयचं जूनचं पान काढलं, त्या तारखेच्या चौकोनात सेलोटेपखाली गोचीड चिकटवलेली आणि बाजूला तिच्या अक्षरात 'डावा गुडघा, मागून'.