माहिती साक्षरतेचे ऑनलाइन अध्यापन

संदर्भ शोधणे, हाती आलेल्या मजकुराची पारख करणे आणि मूळ लेखकाला श्रेय देऊन तो वापरणे, ही कौशल्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून शिकवण्याची पद्धत. ‘इन्फर्मेशन लिटरसी’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये रूढ केला. ते माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर विद्यार्थी नव्हते, कामधंद्यातली माणसे होती. विषय महाविद्यालयात आणला तो ग्रंथपालांनी. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये त्याची मानके ठरवली आणि २०१६ मध्ये स्वतःच ती मागे घेतली.

सुरुवातीचे ऑनलाइन पाठ म्हणजे चार स्लाइड आणि शेवटी प्रश्नमंजूषा. विद्यार्थी ‘नेक्स्ट’ दाबत सुटतो आणि दहा मिनिटांत पास होतो. संकेतस्थळ पारखायला तपासयादी देत : तारीख ताजी आहे का, लेखक कोण, भाषा कशी, हेतू काय. ही यादी पानाबाहेर डोकावायला सांगत नाही, हे तिचे दुखणे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर (छापील-ऑनलाइन मजकुराचा खरेखोटेपणा तपासणारे) आणि २५ विद्यार्थ्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने दाखवली. एक १९३० पासूनची मुख्य संघटना, दुसरी तिच्यातून फुटलेला छोटा गट. दिसायला दोन्ही सारख्याच भारदस्त. फॅक्ट-चेकर एकही फसला नाही, इतिहासकारांतल्या निम्म्यांनीच मुख्य संघटनेला अधिक विश्वासार्ह ठरवले, आणि विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना फुटीर गटच अधिक विश्वासार्ह वाटला. फॅक्ट-चेकरांनी समोरचे पान वाचलेच नव्हते म्हटले तरी चालेल : त्यांनी लगेच नवे टॅब उघडून त्या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिले. या सवयीला ‘लॅटरल रीडिंग’ म्हणतात. ती शिकवायला ऑनलाइन वर्ग उलट सोयीचा, कारण शिक्षकाने स्क्रीन शेअर केली की त्याची चाचपड आणि फसलेले शोधही मुलांना दिसतात.

शोधशब्द निवडणे हा याच विद्येचा दुसरा भाग. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर प्रकल्प करणारा विद्यार्थी इंग्रजीत आजच्या स्पेलिंगने शोधत बसला, तर ब्रिटिशकालीन बरेच कागद त्याच्या हाती लागत नाहीत. तिथे गावाचे नाव ‘शोलापूर’ असे आहे. दोन्ही स्पेलिंगांमध्ये ‘ऑर’ (म्हणजे ‘किंवा’) टाकला की काम होते. मराठीत अडचण विभक्तीची : साध्या अक्षरजुळणीवर चालणाऱ्या सूचीत ‘पाऊस’ टाइप केले तर ‘पावसाचे’ सापडत नाही. शुद्धलेखनाच्या बदलत्या नियमांचा घोळ वेगळाच.

भारतात साधनांची वानवा नाही. शोधगंगा या ऑनलाइन भांडारात भारतीय विद्यापीठांतले प्रबंध आहेत, महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट योजनेतून सदस्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या नियतकालिके मिळतात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचा संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे तो पीएचडीसाठी, म्हणजे कॉपी-पेस्टची सवय मुरल्यानंतर.

अलीकडे चॅटबॉट अस्तित्वातच नसलेले संदर्भ खऱ्यासारखे रचून देतात. त्यावरचा स्वाध्याय जुन्याच वळणाचा आहे : दिलेला संदर्भ घ्या, नियतकालिकाचा तो खंड, तो अंक उघडा आणि त्या पानावर तो लेख आहे का ते पाहा.