नायट्रो, पॉली आणि जाडी: अकूस्टिक गिटारवरच्या स्प्रे फिनिशची पार्श्वभूमी

अकूस्टिक गिटारवरचं स्प्रे फिनिश मोटारींच्या कारखान्यातून आलं. रंग फवारायची गन त्याआधीच तयार होती. १८८०च्या दशकात घशात औषध फवारण्यासाठी एका अमेरिकी डॉक्टरने केलेल्या साधनाचं ते पुढचं रूप. अडलं होतं ते फवारायच्या मालापाशी. लॅकरचा मूळ घटक असलेलं नायट्रोसेल्युलोज (थोडक्यात नायट्रो) इतकं दाट विरघळे, की गनमधून जाण्याइतकं पातळ केल्यावर त्यात घन भाग नावालाच उरे. पहिल्या महायुद्धानंतर कमी दाट जात हाती आली, १९२४च्या मोटारींवर तिचा रंग झळकला आणि आठवड्यांचं रंगकाम दिवसांवर आलं. ते दशक संपेपर्यंत मोठ्या अमेरिकी गिटार कारखान्यांनी ब्रशचं व्हार्निश आणि चपड्याचं (लाखेचं) पॉलिश बहुतांशी सोडलं होतं. क्लासिकल गिटारवाले चपड्यापाशीच थांबले.

नायट्रो लॅकर निव्वळ थिनर उडून वाळतं. नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून वीस वर्षांनी ओरखडा भरला तरी जोड दिसत नाही. दुबळी बाजू हवामानाची. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो; आर्द्रता सत्तर टक्क्यांपुढे असली की बाष्प त्यावर जमतं आणि लॅकर दुधाळ पडतं. थिनरमध्ये मंद उडणारं रिटार्डर थोडं मिसळलं की हे टळतं, पण ते जास्त झालं तर फिनिश कित्येक आठवडे मऊ राहतं. वय वाढतं तसं लॅकर ठिसूळ होतं आणि थंडीतून एकदम उबेत आलेल्या गिटारवर बारीक तडे जातात.

१९६०-७०च्या दशकांत कारखाने पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर (दोन्ही मिळून ‘पॉली’) यांच्याकडे वळले, आणि तिथूनच आजवर न मिटलेला वाद सुरू झाला. हे थर रासायनिक क्रियेने घट्ट होतात. आठ-दहा हातांऐवजी दोन-तीन जाड हातांत काम उरकतं, आणि तीन-चार आठवड्यांची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी घासता येतं. कारखान्याच्या हिशेबात निर्णय चोख होता. वादकांनी मात्र ‘पॉलीने आवाज मारला’ असा निकाल दिला, आणि तो सामग्रीच्या नावावर चिकटला. दोष खरा होता, आरोपी चुकला: खरा आरोपी थराची जाडी.

ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारच्या टॉपचं, म्हणजे पुढच्या फळीचं, क्षेत्रफळ साधारण ०.१६ चौरस मीटर. त्यावर ०.१ मिलिमीटर थर दिला तर वजन वीस ग्रॅमच्या आसपास वाढतं, ०.४ मिलिमीटर दिला तर सत्तर-ऐंशी ग्रॅम. पावणेतीन मिलिमीटर जाडीची स्प्रूस लाकडाची फळी ब्रेसिंगशिवाय (आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्यांशिवाय) दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. मग टॉप जड होणारच, आणि तो थर कंपनंही शोषणार. नायट्रोचा घन भाग जेमतेम वीस-पंचवीस टक्के असल्याने त्यात इतकी जाडी चढवायला कारागिराला कष्ट पडतात. पॉलिएस्टरमध्ये ती नकळत चढते. सामग्रीपेक्षा ही सोय घातक ठरली. ०.१ मिलिमीटरचं पॉलिएस्टर आणि तेवढंच नायट्रो यांतला आवाजाचा फरक कानाने सांगणारे पुष्कळ भेटतात; न बघता ओळखून दाखवणारे विरळा.

जाड थराचा आणखी एक दोष ब्रिजखाली, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीखाली दिसे. कडेला फिनिश ठेवून मधलाच भाग खरवडला तर ब्रिज त्या काठावर तरंगतो, सरस लाकडाला नीट लागत नाही आणि ब्रिज मागून उचलला जातो. म्हणून हाताने गिटार करणारे बरेच जण आजही ब्रिजच्या पूर्ण जागेवर मास्किंग टेप लावूनच फवारतात.

१९७०च्या दशकात उत्तर अमेरिकेत वाढलेल्या छोट्या कार्यशाळा बहुतांश नायट्रोकडे परतल्या. आवाज हे कारण सांगितलं जातं. व्यवहारात दुरुस्तीची सोय मोठी होती. पॉलिएस्टर रोझवूडवर (गिटारच्या पाठीला-बाजूंना वापरतात त्या लाकडावर) थेट मारलं तर लाकडातल्या तेलकट द्रव्यांमुळे चिकट राहतं, आधी वेगळा अडथळा-सीलर लागतो. नायट्रोलाही रोझवूड त्रास देतंच: त्याचा जांभळट रंग थिनरबरोबर पांढऱ्या बाइंडिंगवर (कडेच्या पट्टीवर) ओघळतो, म्हणून मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात आधी द्यावा लागतो.

पुढचा धक्का कायद्याचा. जुन्या गनमधून फवारलेल्या मालापैकी जेमतेम एक तृतीयांश लाकडावर बसे, बाकी हवेत. कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात सॉल्व्हंटच्या वाफांवर बंधनं आली आणि एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन पसरल्या: टोकाशी दाब १० पीएसआयपर्यंतच (चौरस इंचाला दहा पौंड), पण हवा भरपूर, आणि माल पासष्ट टक्क्यांपर्यंत जागी लागतो. गिटारच्या कमरेच्या खोलगट भागात याचा विशेष उपयोग, कारण जोरकस गनचा फवारा तिथून उसळून कोरडा, खरखरीत बसतो. गन वीसेक सेंटिमीटरवर धरून आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवायचा. अंतर वाढलं तर फिनिश कोरडं, घटलं किंवा हात रेंगाळला तर ओघळ.

१९९०च्या दशकात अतिनील प्रकाशात काही मिनिटांत घट्ट होणारं पॉलिएस्टर आलं आणि पातळ थराचा प्रश्न कारखान्यांपुरता बराचसा सुटला. त्याचे दिवे आणि बूथ छोट्या कारागिराच्या आवाक्याबाहेर असल्याने काही जण बॉडी फिनिशसाठी बाहेर पाठवतात. उरलेल्यांपुढे पाण्यावर आधारित लॅकर आहे. त्याचे हात नायट्रोसारखे सहज एकजीव होत नाहीत. पॉलिश करताना वरचा हात घासून पार झाला की दोन हातांमधली रेष नकाशातल्या किनाऱ्यासारखी उमटते, आणि मग तो सगळा भाग पुन्हा फवारण्यावाचून गत्यंतर नसतं.