गोऱ्हा आधी रिकाम्या बंडीला

पोलीस भरती जवळ आली की आमच्याकडच्या डांबरी रस्त्यांवर झुंजूमुंजू व्हायच्या आत पोट्टे पळायला लागतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, मग गोळाफेक. पळण्याआधी एक जण पाय फाकून बसतो, दुसरा त्याची पाठ खाली रेटतो. ओरडला की अजून रेटतो! महिनाभरात एखादा मांडी मागून धरून लंगडत घरी येतो.

एक करून पाहा. उताणे झोपा आणि गुडघा न वाकवता एक पाय स्वतःच्या जोरावर वर उचला. मग तोच पाय कुणाला तरी अलगद उचलायला सांगा. तो बराच वर जाईल. या दोन उंचींमधल्या जागेत पाय पोचतो, पण ताबा तुमचा नसतो.

रोज ताण दिला की पहिल्या काही आठवड्यांत अंग जास्त वाकतं. स्नायू लांब झाला असं वाटतं. खरं तर मुख्यतः मेंदू तेवढा ताण सोसू द्यायला लागलेला असतो. सूट मिळाली, बळ नाही. आणि वेगात पळताना, पाऊल टेकायच्या जरा आधी, मांडीमागचा स्नायू लांबलेला असतानाच पुढे फेकलेल्या पायाला ब्रेक लावत असतो. तो फाटतो बहुधा इथेच.

म्हणून बळ लांबलेल्या अवस्थेतच कमवावं लागतं. गुडघ्यांवर उभे राहा, दोस्ताला घोटे दाबून धरू द्या आणि कंबर न मोडता सावकाश पुढे झुका. फुटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने मांडीमागच्या इजा जवळपास निम्म्यावर आल्या. शिवाय स्नायूतले तंतूही लांबतात, म्हणजे लवचीकता वरकड मिळते.

घाई मात्र चालत नाही. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा महिने घेते. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला कोण जुंपतो? मल्लखांबावरही अंग मुरडणारा सुईदोरा हा डाव येतो तो साधी उडी आणि पकड घोटून झाल्यावर.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, चार-पाच वेळा झुकणं पुरे. दुसऱ्या दिवशी मांडी धरतेच. आणि गुडघ्याखाली घडी केलेलं पोतं घ्या. वावरातल्या ढेकळांवर हा व्यायाम होत नाही.